छप्पन्नची माणसं

आमच्या घरात त्या दुष्काळाला साल नव्हतं, नुसता आकडा होता: छप्पन्न. विक्रम संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. गुजरातेत त्याला छप्पनियो म्हणतात. माझ्या आजीची आई, जिला आम्ही सगळे थोरली आजी म्हणायचो, ती त्या छप्पन्नची. गाव कुठलं, हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. गावाबाहेर मोठं तळं होतं, त्याचा चिखल भेगाळला होता, बाप आधी गेला आणि आई रस्त्याच्या कडेला बसली ती उठली नाही, एवढंच तिच्याजवळ होतं. पुढे आगगाडी, आणि मग केडगाव. तेव्हा ती सात-आठ वर्षांची असावी.

गुजराती ती पार विसरली होती. बोलणं नगरकडचं, ठसठशीत. पण धान्य मापायला बसली की पहिली मापं तोंडातून ‘एक, बे, त्रण’ अशीच पडत. मग तिचं तिलाच कळे आणि चौथ्या मापापासून मराठी सुरू होई.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी तिथे माळरान विकत घेऊन विहिरी खणल्या, फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी, असा मूळचा विचार होता. दुष्काळाने तो मोडला. झाडांच्या आधी माणसं वाढली. १९०० मध्ये रमाबाईंची माणसं गुजरातेत जाऊन अनाथ मुली घेऊन आली, आणि मुक्तीसदन या त्यांच्या केडगावच्या आश्रमातल्या माणसांचा आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. त्या गर्दीतली एक आमची.

आजीने मला हे सगळं सांगितलं ते तिच्या आईकडून ऐकून; थोडं मी स्वतः थोरल्या आजीच्या तोंडून ऐकलं, पण मुलांशी ती या विषयावर फार बोलत नसे. बोलली की ती पेजेबद्दल बोलायची. आल्या आल्या मुलींना पातळ पेज मिळे, तीही थोडी थोडी. उपासाने आकसलेलं पोट एकदम भाकरी सोसत नाही, माणूस खाऊन मरतं. मुलींना ते कुठलं कळायला? त्या रडायच्या, वाढणारीला बोचकारायच्या. कुणी पिठाचा गोळा पळवायची, कुणी घोंगडीखाली तुकडे दडवायची. काही मुली पेज पोटात जाऊनही वाचल्या नाहीत. रात्री शेजारी निजलेली सकाळी उठत नसे.

थोरल्या आजीच्या पदराला मरेपर्यंत भाकरीचा चतकोर बांधलेला असे. रोज संध्याकाळी कालचा सोडून कोंबड्यांना टाकायचा आणि त्या दिवशीचा ताजा बांधायचा. गाठ घट्ट, दोनदा मारलेली. घरात पोतंभर ज्वारी असो नाहीतर सणाचा स्वयंपाक असो, त्या चतकोरात कधी खंड पडला नाही. देवावर तिचा विश्वास होता, आणि चतकोरही होता. लहानपणी मला या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात याचं नवल वाटे. आता वाटत नाही. जिने आईला भुकेने बसलेली पाहिली, तिने विसरून जाणं म्हणजे श्रद्धा, असं कुणी तिला शिकवलं नव्हतं.

तिला शिकवणारी बाई स्वतः दुष्काळातून आलेली होती.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेले. तीर्थयात्रा करत, पुराण सांगत हे कुटुंब हिंडायचं. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा जवळचं सगळं विकून संपलं. मजुरी केलेली नव्हती, भीक मागायची लाज. रानातली पानं खाऊन दिवस काढले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. आईची तिरडी उचलायला माणसं पुरेनात, तेव्हा एका बाजूला रमाबाई उभ्या राहिल्या. उंची कमी, बाकीच्यांच्या खांद्याशी त्यांचा खांदा जुळेना. त्यांनी तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं आणि तशाच मसणापर्यंत चालल्या.

पुढे भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी देशभर हिंडले. झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री पांघरायला नाही, म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात निजले आणि मानेपर्यंत वाळू ओढून घेतली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि मुलगी मनोरमा अजून वर्षाची नव्हती. दुसऱ्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे थांबून मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण आमच्या देवळांतून ती नेहमी घाईत सांगितली जाते. रमाबाईंची दुःखं ओळीने मांडायची आणि शेवटी म्हणायचं, बघा, संकटांनी तिला ख्रिस्ताकडे आणलं. संकटांनी तिला पहिल्यांदा आणलं ते रिकाम्या हातांनी. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा गेला, आणि ज्या देवतांसाठी आईबापांनी आयुष्यभर उपासतापास केले त्यांच्यावरचा विश्वासही गेला. बाप्तिस्म्यानंतरही शंका होत्या, चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी वाद होते, आणि मन निवायला आणखी काही वर्षं लागली. त्यांनी स्वतःच हे लपवून ठेवलेलं नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल संकटापासून धीरापर्यंत आणि धीरापासून आशेपर्यंत जातो. आपण ती वाट एका श्वासात वाचतो. रमाबाईंना ती चालायला वीसएक वर्षं लागली.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा रमाबाई पुण्यात होत्या. विधवांसाठी काढलेली त्यांची शाळा, शारदासदन, तिथे चालू होती. अमेरिकेतल्या मदतनिसांनी दहा वर्षांपुरती मदत कबूल केली होती आणि ती मुदत संपत आली होती. नव्या मुली घ्याव्यात अशी ऐपत नव्हती. तरी त्या गेल्या. सरकारी छावण्यांतून फिरल्या, सांगाडे झालेल्या मुली पाहिल्या, आणि त्या मुलींवर टपलेली माणसंही पाहिली. त्याच सुमाराला त्यांनी स्वतःच्या जुन्या दुष्काळाची हकीकत लिहून काढली. वीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तेव्हा बाहेर आली, कारण आता ती कुणाच्या तरी उपयोगाची होती. तीनेकशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, शहरात इतक्या मुली ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती अशी उभी राहिली. प्लेगच्या दवाखान्यात बायकांना कशी वागणूक मिळते याबद्दल १८९७ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर तक्रार केली. तीही याच बाईने, आश्रय आणि पैसा दोन्ही डळमळीत असताना.

थोरली आजी त्यांना फक्त ‘बाई’ म्हणे. बाईंना ऐकू कमी येई, म्हणून मुली त्यांच्याजवळ जाऊन मोठ्याने बोलत. देवाशीही असंच बोलायचं असतं, असं आमच्या आजीला बरीच वर्षं वाटत होतं, कारण तिच्या आईची प्रार्थना शेजारच्या आळीला ऐकू जाई.

मुक्तीत काम सगळ्यांना होतं. माग होते, तेलघाणी होती, शेती होती. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवत. थोरली आजी जरा मोठी झाल्यावर छापखान्यात लागली. तिथे मुलीच जुळारी, मुलीच छापणाऱ्या. खिळे जुळवताना अक्षर उलटं दिसतं आणि ओळ उजवीडावी फिरलेली असते. तिने शुभवर्तमान पहिल्यांदा वाचलं ते असं उलट्या खिळ्यांतून, एकेक काना-मात्रा चिमटीत धरून. म्हातारपणी डोळे गेल्यावरसुद्धा कुणी वचन चुकीचं वाचलं की ती तर्जनी आणि अंगठा एकमेकांवर घासायची, जणू चुकलेला खिळा काढते आहे. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या. ते काम त्यांच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत चाललं. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, वारसदार म्हणून तयार केलेली एकुलती एक लेक. त्यानंतरही रमाबाई मुद्रितांना बसत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत मोठी जागृती झाली. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, पापं कबूल करत. पुस्तकांतून त्याचं बरंच वर्णन आहे. थोरल्या आजीचं वर्णन दोन वाक्यांचं: ‘सगळ्या रडल्या, मी नाही रडले. माझं रडणं आधीच झालं होतं, म्हणून मी पाणी भरत होते.’ तिला त्याचा कमीपणा वाटत नसे. पाणी भरणं हीच आपली त्या दिवसांतली प्रार्थना होती, असं ती ठामपणे म्हणे, आणि मला ते पूर्ण पटतं.

लग्न झालं ते नगर जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेच्या मास्तरांशी. खेड्यात ख्रिस्ती घरं मोजकी, सगळी पूर्वाश्रमीच्या महारवाड्यातली. पाणवठा निराळा, धर्म बदलला तरी पाणवठा बदलला नव्हता. वर टोमणे: पोटासाठी बाटलेले, दुष्काळातले ख्रिस्ती. मास्तर गप्प बसत. ती बसत नसे. ‘हो, पोटासाठीच आले,’ म्हणायची. ‘पोट भरल्यावर का राहिले, ते विचारा की.’ विचारायला कुणी थांबत नसे.

१९१८ च्या इन्फ्लुएंझात मास्तर गेले. त्या पावसाळ्याअखेर मुंबई इलाख्यात लाखो माणसं मेली; गावांत सरणाला लाकूड मिळेना. माझी आजी तेव्हा सहा वर्षांची, धाकटा भाऊ अंगावर पिणारा. आजीच्या आठवणीत ते दिवस असे होते: आई चौथ्या दिवशी उठली, चूल पेटवली, पेज केली, आणि भांडं घेऊन बाहेर पडली. ज्या घरांतून टोमणे येत, त्या घरांतही माणसं आजारी होती. दारात भांडं ठेवायची, हाक मारायची आणि मागे सरायची, कारण तिने आत गेलेलं चालणार नव्हतं. काही घरांनी पेज घेतली. काहींनी तापातसुद्धा घेतली नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई. मिशनने पुढे तिला बायबलबाई म्हणून नेमलं. हातात पिशवी, पिशवीत सुटी शुभवर्तमानं, आणि पायी चार-पाच गावं. पगार तुटपुंजा. दोन्ही मुलं शिकली.

हे तिने कोणत्या बळावर केलं, असं मी आजीला मोठेपणी विचारलं. आजी म्हणाली, ‘बळ नव्हतं गं. तिला फक्त माहीत होतं की असं असलं की काय करायचं.’ या उत्तराशी मी खूप वर्षं राहिले आहे. दुःख सोसलं की माणूस आपोआप खंबीर होतं, हे मला खरं वाटत नाही. सोसून कडवट झालेली, मोडून गेलेली माणसं आमच्याही नात्यात आहेत, आणि त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची माझी छाती नाही. थोरल्या आजीला छप्पन्नने काही दिलं नाही, उलट आईसुद्धा नेली. दिलं ते बाईंनी: स्वतःच्या भुकेची ओळख दुसऱ्याच्या भुकेसाठी कशी वापरायची, त्याची सवय. क्रूसावरच्या येशूबद्दल ती बोले तेव्हा त्याच्या जखमांपेक्षा तिथूनही त्याने आईची सोय लावली, योहानाच्या हाती दिली, हेच तिला मोठं वाटे.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. गावाजवळ खडी फोडायचं काम निघालं होतं, दूरदूरची कुटुंबं पालं ठोकून राहिली होती, मुलांना सुकडी मिळे. थोरली आजी ऐंशीच्या घरात, डोळ्यांनी जवळजवळ अधू. एका रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी दुष्काळावरच संदेश दिला. तळमळीने बोलले. संकट हा देवाचा आशीर्वाद असतो, म्हणाले, आणि साक्षीसाठी थोरल्या आजीकडे हात केला: छप्पन्नचा दुष्काळ पडला नसता तर या माउलीला प्रभू भेटला असता का?

ती माझ्या खांद्याला धरून उठली. आवाज तोच, शेजारच्या आळीला ऐकू जाणारा.

‘माझी आई रस्त्यावर मेली, साहेब. ते देवानं केलं म्हणू नका. देव पेज घेऊन आला, तो नंतर.’

कुणी काही बोललं नाही. पाळकसाहेब भले गृहस्थ होते. थोडा वेळ खाली पाहत उभे राहिले आणि मग त्यांनी विचारलं, ‘मग आजी, आपण काय करायचं?’ तिने लगेच सांगायला सुरुवात केली: पालं किती आहेत, त्यांत अंगावरची पोरं किती, कुणाकडे मोठं पातेलं आहे, ज्वारी कोण किती देणार. मापं ती स्वतः मोजणार होती. सोमवारी दुपारी देवळाच्या पडवीत चूल पेटली आणि पुढच्या वर्षीचा पाऊस पडेपर्यंत रोज पेटत राहिली. आजी, आई आणि पाळकीणबाई पाळीपाळीने ढवळायला बसत, आणि पाळकसाहेब लाकडं फोडत.