मेण नसलेली मेणबत्ती

गेल्या दिवाळीच्या आधी वहिनीनं ओट्यावर जेल मेणबत्त्यांचा घाट घातला होता. काचेचे पेले, अलिबागहून वेचून आणलेले शिंपले, वातींची गुंडी आणि पिशवीभर जेल. पाण्यासारखं नितळ, पण हातात घेतलं की थरथरणारं. सुरी त्यात रुतून बसायची, म्हणून वहिनी कात्रीनं तुकडे करत होती. आईनं एक तुकडा चिमटीत दाबला, बोटं एकमेकांवर घासून पाहिली आणि म्हणाली, "अगं, यात मेण कुठंय? हे तर तेल आहे."

आईचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. जेल मेणबत्तीत वजनाच्या ९० टक्क्यांहून अधिक भाग तेलाचाच असतो, तेही खनिज तेलाचा. मग तिला मेणबत्ती का म्हणायचं, हे तेव्हापासून डोक्यात राहिलं आणि मी तिचं कूळ शोधत मागं मागं गेलो.

मेण हा शब्द मधमाशीच्या पोळ्यातला. संस्कृतात मेणाला मदन म्हणत. प्राकृतात त्याचं मयण झालं, मराठीत मेण. मधूच्छिष्ट हे त्याचंच दुसरं नाव, म्हणजे मध काढून घेतल्यावर मागं उरतं ते. आपल्याकडे हे मेण धातूच्या मूर्ती ओतण्यासारख्या कामांना लागे. घरातला उजेड तेलाचा असे. तीळ, करडई, एरंडेल, करंज आणि कोकणात उंडीचं कडू तेल.

युरोपात मधमाशीचं मेण चर्चच्या आणि श्रीमंतांच्या वाट्याला यायचं. इतरांना जनावराच्या चरबीची मेणबत्ती. ती मऊ पडे, तिला घाण येई, काजळी धरे आणि वातीचं टोक सारखं कात्रीनं छाटावं लागे. हे बदलण्याचं श्रेय मी सर्वांत आधी मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला देईन. चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्लं यांची जोडणी, हे त्यानं वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून उलगडलं आणि १८२३ साली ग्रंथरूपानं मांडलं. ग्लिसरीन काढून टाकलं की उरलेल्या मेदाम्लांतून टणक, पांढरं, वास नसलेलं स्टिअरिक आम्ल वेगळं करता येतं. त्याच्या मेणबत्तीचं पेटंट त्यानं गे-ल्युसॅकच्या जोडीनं १८२५ मध्ये घेतलं. त्याच वर्षी कांबासेरेसनं वेणीसारखी विणलेली वात आणली. जळताना ही वात एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेच्या उष्ण भागात जातं आणि जळून जातं. कात्रीची गरज संपली. इतकी साधी युक्ती, आणि आजही बहुतेक मेणबत्त्यांत तीच वात आहे.

पुढचं मेण जमिनीतून आलं. रायखेनबाखला १८३० मध्ये लाकडाच्या डांबरात पॅराफिन सापडलं, तर जेम्स यंगनं १८५० मध्ये दगडी कोळशापासून पॅराफिन तेल आणि मेण काढण्याचं पेटंट घेतलं. त्याच दशकात लंडनची प्राइस कंपनी ब्रह्मदेशातून रंगूनचं खनिज तेल मागवून त्याच्या मेणबत्त्या करू लागली. आसामात दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना १९०१ मध्ये सुरू झाला आणि त्यातूनही मेण निघू लागलं. वीज गेल्यावर आपण लावतो ती पांढरी मेणबत्ती या घराण्यातली.

जेलचा धागा इथंच सापडतो. खनिज तेलाचा जड भाग थंड केला की मेण गोठून वेगळं होतं आणि तेल मागं राहतं. हे तेल खूप शुद्ध केलं की त्याला रंग उरत नाही, वास उरत नाही, चव उरत नाही. हेच लिक्विड पॅराफिन. बद्धकोष्ठावर डॉक्टर ते प्यायला देत. तान्ह्या बाळांच्या अंगाला लावायच्या कितीतरी तेलांत तेच असतं आणि अनेक हलक्या केशतेलांच्या बाटल्यांवरही त्याचं नाव सापडतं. मेण आणि तेल ही एकाच पोटची भावंडं. मेणाची मेणबत्ती झाली. तेल मात्र पातळ होतं, त्याला आकार धरता येत नव्हता.

तो आकार दिला रबरानं. १९६० च्या दशकात शेल कंपनीनं क्रेटॉन नावाचं एक वेगळंच रबर बाजारात आणलं. त्याच्या रेणूची साखळी लांब असते, दोन्ही टोकं कडक पॉलिस्टायरिनची आणि मधला भाग लवचिक. मधला भाग तेलात विरघळतो, टोकं विरघळत नाहीत. ती एकमेकांना बिलगून गाठी धरतात आणि कोळ्याच्या जाळ्यासारखं एक जाळं उभं राहतं. तेल त्या जाळ्यात अडकून बसतं, पण असतं तेलच. तापवलं की गाठी सैल पडतात, निवलं की पुन्हा बसतात. म्हणूनच बिघडलेला पेला पुन्हा वितळवून ओतता येतो. टूथब्रशच्या दांडीवरची मऊ पकड पुष्कळदा याच जातीच्या रबराची असते. टेक्सासमधल्या पेनरेको कंपनीला असं तेल आणि असं रबर यांच्या पारदर्शक मेणबत्तीचं अमेरिकन पेटंट १९९९ मध्ये मिळालं. आज आपल्या बाजारात दिवाळीला दिसणारे रंगीत पेले, बचत गटांच्या टेबलांवरचे शिंपले घातलेले ग्लास, सगळ्यांचं मूळ तिथं.

मायकेल फॅरडेनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर दिलेली व्याख्यानं १८६१ मध्ये पुस्तकरूपानं आली. पहिल्याच व्याख्यानात तो एका गोष्टीवर रेंगाळतो. मेणबत्ती स्वतःची वाटी स्वतः घडवते. ज्योतीमुळे गरम झालेली हवा वर चढते, तिच्या जागी बाजूनं थंड हवा येते आणि मेणाची कड थंड राहते. मधलं मेण वितळतं, कड उभी राहते. दिव्याला भांडं लागतं, मेणबत्तीला लागत नाही, हे तिचं वेगळेपण. जेलला हे साधत नाही. मऊ असल्यामुळे ते काचेशिवाय जळू शकत नाही. माझ्या मते इथंच नात्याचा निकाल लागतो. जेलची मेणबत्ती ही मेणबत्तीच्या कुळातली नव्हेच, ती तेलाच्या दिव्याच्या कुळातली आहे.

आईला तर ते बोटांनीच कळलं होतं. तिच्या माहेरी देवघरात पाण्यावरचा दिवा असायचा. पेल्यात तीन बोटं पाणी, वर बोटभर तेल, बुचाच्या चकतीतून ओवलेली वात. पाण्यात कुंकू टाकलं की पेला तांबडा दिसे. "तुमचं हे तसंच," ती म्हणाली, "फक्त पाणी नाही."

वहिनी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर जेल वितळवत होती. ते शंभर अंशांच्या आसपास नीट पातळ होतं, त्यामुळे उकळत्या पाण्यात भांडं ठेवून काम भागत नाही. घाई केली तर तेल धुरावतं, जोरात ढवळलं तर बुडबुडे धरतं. पेले आधी कोमट केले की बुडबुडे कमी राहतात. पहिला पेला आम्ही घालवलाच. मेण लावलेली तयार वात वापरली आणि तिच्याभोवती दुधट ढग पसरला. दुसऱ्या वेळी वात वितळलेल्या जेलमध्येच बुडवून घेतली. वहिनीला वाळलेल्या गुलाबपाकळ्या घालायच्या होत्या, त्या मात्र मी घालू दिल्या नाहीत. तेल उतरत गेलं की पाकळी ज्योतीपाशी येते आणि स्वतःच वात होऊन पेट घेते. शिंपला जळत नाही.

राहिलं आई म्हणाली ते पाणी. त्या जुन्या दिव्यात तेल संपलं की वात पाण्याला टेकायची आणि दिवा आपोआप शांत व्हायचा. पेल्याच्या बुडाला आच लागत नसे. जेलच्या पेल्यात तळापर्यंत तेलच असतं, शेवटचा थर उरला की ज्योत काचेशी येते आणि पातळ काच तडकते. म्हणून या वातीच्या पायाशी पत्र्याची चकती असते आणि तिला वर बोटाच्या पेराएवढी नळी. वात त्या नळीत घट्ट बसते, तेल नळीच्या तोंडाखाली उतरलं की तिला मिळत नाही आणि ज्योत मिटते. वहिनीनं वेगवेगळ्या चकत्या ओट्यावर मांडल्या होत्या. आईनं त्यातली सर्वांत उंच नळीची उचलली आणि पेल्याच्या मधोमध बसवली.