फाळक्यांविना हिंदुस्तान कंपनी
यशस्वी प्रशिक्षक गेल्यावर फुटबॉल संघापुढे पडणारा प्रश्न नाशिकच्या ‘हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी’पुढे शतकापूर्वीच पडला होता. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसह उभारलेल्या या कंपनीतून दादासाहेब फाळके मतभेदांमुळे बाहेर पडून काशीला गेले, तरी मूकपटांची, म्हणजे ध्वनीविरहित चित्रपटांची, निर्मिती थांबली नाही. कारण चित्रीकरणापासून फिल्म धुण्यापर्यंतची कामे त्यांनी सहकाऱ्यांना हाताशी धरून शिकवली होती. फाळक्यांच्या ‘लंकादहन’ या मूकपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका करणारे अण्णा साळुंके पुढे स्वतः छायाचित्रणकार झाले, ही त्या शिक्षणाची सर्वांत बोलकी साक्ष होय. मात्र हात तयार झाले तरी कल्पकतेचा वारस घडला नव्हता, म्हणूनच फाळके काही वर्षांनी परतले आणि १९३२ च्या ‘सेतुबंधन’पर्यंत कंपनीशी त्यांचे नाते टिकले.