वाऱ्यावरचें चित्र

राजापूरचें नांव महाराष्ट्राला मुख्यतः दोन गोष्टींमुळें ठाऊक आहे: एक तेथील गंगा आणि दुसरी इंग्रजांची वखार. गंगा उन्हाळें गांवच्या टेकडीवर, बहुधा तिसऱ्या वर्षीं, कोणी बोलाविल्यावांचून प्रकट होते, चौदा कुंडें भरून वाहते, आणि तिच्या मनाला येईल तेव्हां नाहींशी होते. तिच्या पाण्याला मोल पडत नाहीं. वखारीचा व्यवहार अगदीं उलट. १६४९ च्या सुमारास अर्जुना नदीवरील या बंदरांत इंग्रज येऊन बसले ते मोजून घेण्याला आणि मोजून देण्याला. पुढें पन्हाळ्याच्या वेढ्यांत सिद्दी जौहराला दारूगोळा पुरविण्याचा नसता उद्योग त्यांनीं केला, आणि १६६१ सालीं शिवाजीमहाराजांनीं वखार लुटून तेथील इंग्रजांना कैदेंत टाकलें. आपण होऊन येणारें पाणी आणि तागडींतून मिळणारा माल हीं दोन्हीं एकाच गांवांत पाहावयास मिळतात, म्हणून प्रस्तुत विषयाचा विचार राजापुरापासून आरंभावा असें वाटलें. विषय आहे घरोघर दिसणाऱ्या दूरचित्राचा: केबलवाल्याला दरमहा पैसे मोजून घेतलेलें चित्र एकीकडे, आणि आकाशांतून येईल तें अँटेनानें किंवा छत्रीनें झेलून पाहिलेलें बिनपैशाचें चित्र दुसरीकडे.

‘बिनपैशाचें’ हा शब्द मात्र जपून वापरला पाहिजे. चित्र पाठविण्याला खर्च येतोच. प्रश्न असतो तो कोणी सोसावयाचा एवढाच. हा प्रश्न टीव्हीपेक्षां जुना आहे. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें नभोवाणीचें केंद्र उघडलें, तेव्हां श्रोत्यानें वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढावा आणि त्यांतील आठ रुपये कंपनीला मिळावे अशी योजना होती. हिशेब कागदावर चोख होता. परंतु दुकानदाराला माल दाराआड ठेवतां येतो, तसा या कंपनीला ठेवतां येईना. लहर एकदां मनोऱ्यावरून सुटली कीं परवानेवाल्याच्या घरांत शिरते तशीच शेजारच्या बिनपरवान्याच्या घरांतहि शिरते, आणि दोघांनीं ऐकल्यानें तिच्यांत रतिभर घट होत नाहीं. परवाने आठ हजारांपर्यंतहि गेले नाहींत, चोरून ऐकणारे मोजले कोणी, आणि १९३० सालीं कंपनीनें हात टेकले. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें सरकारनें तें काम आपल्याकडे घेतलें. ज्या मालाला कुलूप लावतां येत नाहीं त्याचें दुकान चालत नाहीं, तो सार्वजनिक करावा लागतो, हें हिंदुस्थानांत प्रथम तेव्हां दिसून आलें. पुढील शंभर वर्षांची सगळी खटपट लहरीला कुलूप कसें लावावें याच शोधाची आहे असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

दूरचित्रवाणी दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं प्रयोगादाखल सुरू झाली. मुंबईला ती २ ऑक्टोबर १९७२ रोजीं आली. ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘चिमणराव’, ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमांची आठवण मुंबई-पुण्याकडील वडील मंडळी अजून काढतात. त्या काळीं टीव्हीलाहि परवाना लागे, आणि तो पोस्टांत जाऊन दरसाल नवा करावा लागे. १९८५ च्या सुमारास ही पद्धत गेली. तत्पूर्वींच, १९७६ च्या जानेवारीपासून, दूरदर्शननें जाहिराती घेण्यास आरंभ केला होता. म्हणजे प्रेक्षकाच्या खिशांतून उघडपणें जाणारे पैसे हळूहळू साबणाच्या वडीच्या किमतींत मिसळूं लागले. ज्याला आपण फुकट म्हणतों त्याचा जन्म असा आहे.

परंतु राजापूरकराला या कशाचेंच सुखदुःख नव्हतें, कारण त्याला कांहीं दिसतच नव्हतें. याचें कारण सरकारची कुचराई हें अर्धेंच. उरलेलें अर्धें पृथ्वीच्या गोलाईंत आहे. दूरचित्राची लहर जवळजवळ सरळ रेषेंत जाते. मनोऱ्याच्या उंचीचे मीटर घेऊन त्यांच्या वर्गमुळाला चारानें गुणावें, म्हणजे क्षितिजापर्यंतचे किलोमीटर ढोबळ मानानें मिळतात. वरळीचा मनोरा सुमारें तीनशें मीटर उंच. त्याचे झाले सत्तर. घराच्या कौलांवर दहा मीटरांचा वांसा उभारला तर त्याचे बारा-तेरा. एकूण पंचाऐंशीच्या आंतच. मुंबईपासून राजापूरचें सरळ अंतर आहे पावणेतीनशें किलोमीटरांच्या आसपास. शिवाय गांव बसलें आहे खळग्यांत. भोंवतीं कातळाचे सडे, पूर्वेला सह्याद्रि. पावसाळ्यांत अर्जुनेचें पाणी बाजारपेठेंत चढतें तें ज्या भूगोलामुळें, त्याच भूगोलामुळें लहर मात्र डोक्यावरून निघून जाते. चाकरमानी गणपतीला गांवीं येत तेव्हां टीव्हीच्या गोष्टी आणीत. संच आणण्यांत अर्थ नव्हता. कोंकणच्या भातशेतीला उपयोगी पडावी अशी माहिती ‘आमची माती आमची माणसं’मध्यें येई ती दादर-गिरगांवांतील बिऱ्हाडांत पाहिली जाई, आणि ज्यांची माती त्यांना ती दिसत नसे, हा विनोद त्या काळांत कोणाच्या लक्षांत आला होता कीं नाहीं न कळे.

किनाऱ्याला एक अपवाद होता, आणि तो गंगेसारखाच लहरी. उन्हाळ्याच्या दिवसांत समुद्रावर थंड हवेच्या थरावर ऊन हवेचा थर बसला म्हणजे लहरी त्या दोहोंच्या सांध्यांत अडकून शेंकडों मैल वाहत जातात. मुंबईंत अशा वेळीं कराचीचें चित्र दिसल्याच्या हकीकती प्रसिद्ध आहेत. तें चित्र कधीं येईल आणि कधीं विरेल याचा नेम नसे.

खेड्यांना चित्र दाखवावें हा विचार मुळांत विक्रम साराभाईंचा. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष, अमेरिकेनें उसन्या दिलेल्या उपग्रहाच्या साह्यानें, सहा राज्यांतील चोवीसशें खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांचे कार्यक्रम दाखविले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. ‘इन्सॅट-१अ’ १९८२ सालीं सोडला आणि कांहीं महिन्यांतच निकामी झाला. ‘इन्सॅट-१ब’ १९८३ च्या ऑगस्टअखेर गेला आणि टिकला. मग १९८४ सालीं एक विलक्षण धांदल झाली. चार महिने जवळजवळ रोज एक, या वेगानें देशभर प्रक्षेपक उभे राहिले. बहुतेक लहान, शंभर वॅटांचे, दहा-पंधरा किलोमीटरांचा टापू कसाबसा व्यापणारे. घाटाखालच्या प्रदेशांत त्यांचाच आधार. कौलांवर बांबू, बांबूवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा सांगाडा, आणि खालून कोणीतरी ओरडून सांगतो आहे, ‘आणखी थोडा उजवीकडे’: कोंकणांतील एका सबंध पिढीच्या मनांत टीव्ही म्हणजे हें दृश्य आहे.

२५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ आणि पुढील वर्षाच्या २ ऑक्टोबरपासून ‘महाभारत’ सुरू झाल्यावर रविवारच्या सकाळीं एका घराच्या ओटीवर सबंध वाडी बसे. परंतु या आनंदाची एक बाजू सांगितली पाहिजे. ह्या छोट्या प्रक्षेपकांतून प्रारंभीं येई तें मुख्यतः दिल्लीचें. राजापूर-लांज्याच्या मुलांच्या कानीं हिंदी बातम्या मुखोद्गत होण्याइतक्या पडल्या, तेव्हां मुंबई दूरदर्शनचें मराठी त्यांना परकें होतें. अर्थशास्त्रज्ञ पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं १९८२ सालीं नेमलेल्या समितीनें दूरदर्शनच्या या दिल्लीकेंद्री वृत्तीवर स्पष्ट बोट ठेवलें होतें. मराठीला स्वतंत्र वाहिनी मिळाली १५ ऑगस्ट १९९४ रोजीं, आणि तिचें ‘सह्याद्रि’ हें नामकरण व्हावयाला २००० साल उजाडलें. याच्या तुलनेनें १९७७ पासून चाललेल्या रत्नागिरीच्या आकाशवाणी केंद्रानें फार पूर्वीं या भागाशीं त्याच्या भाषेंत बोलण्यास प्रारंभ केला होता. चित्राची श्रीमंती मोठी खरी. तथापि आपल्या माणसाशीं बोलण्याचें काम गरीब आवाजानेंच अधिक केलें, असें आमचें मत आहे.

तों केबल आली. १९९१ च्या आखाती युद्धापासून मोठ्या शहरांत, आणि १९९२ च्या ऑक्टोबरांत ‘झी’ निघाल्यानंतर सर्वत्र. राजापूरच्या पेठेंत घराला घर लागून आहे, तेथें तार एका खांबावरून दुसऱ्यावर नेणें सोपें. पण कोंकणचें गांव म्हणजे चार-दोन घरांच्या, डोंगर-वहाळांनीं तुटक झालेल्या वाड्या. अर्धा कोस तार ओढून पांच गिऱ्हाइकें मिळणार. आणि ती तार फणसाच्या फांदीवरून गेलेली, म्हणजे पहिल्या वादळांत जमिनीवर. म्हणून येथें केबल पेठेंत राहिली आणि वाड्यांवर काड्यांचा सांगाडाच पुष्कळ दिवस टिकला. लहरीला कुलूप सांपडलें होतें तें हेंच: तार. पैसे थांबले कीं तार काढावी.

याच सुमारास आकाश कोणाचें, हा वाद न्यायालयापुढें आला. १९९३ च्या ‘हीरो कप’ क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यांत तंटा लागला. त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं दिला. त्यांत न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांनीं असा सिद्धान्त मांडला कीं लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारचा मक्ता नाहीं, तसाच धनिकांचाहि असूं नये. लोकांच्या सर्व थरांचें प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वतंत्र मंडळानें तिचा विनियोग पाहावा. प्रसारभारतीचा कायदा १९९० पासून कपाटांत पडून होता. तो १९९७ च्या सप्टेंबरांत अंमलांत आला. तें मंडळ कितपत स्वतंत्र झालें हा निराळा आणि लांबणारा विषय आहे.

सावंतांच्या सिद्धान्ताचें खरें प्रत्यंतर वाड्यांवर आलें तें २००४ च्या डिसेंबरांत सुरू झालेल्या बिनभाड्याच्या छत्रीनें. प्रथम तेहतीस वाहिन्या, पुढें शंभराहून अधिक; २०१४ पासून तिचें नांव ‘फ्री डिश’. दीड-दोन हजार रुपये एकदां घालून छत्री बसवावी, पुढें महिना भरावयाचा नाहीं. आज देशांतील साडेचार-पांच कोटी घरें या पद्धतीनें पाहतात असा अंदाज आहे. येथें पैशाचा प्रवाह मात्र पुरता उलटला आहे. प्रेक्षक वाहिनीला पैसे देत नाहीं. खासगी वाहिनीच लिलांवांत कोट्यवधि रुपये मोजून त्या छत्रींत जागा घेते, कारण जाहिरातदाराला ती घरें हवीं असतात. १ फेब्रुवारी २०१९ पासून केबलचे नवे दर आले, नुसत्या जोडणीचेच कर धरून १५३ रुपये झाले. तेव्हां अनेकांनीं हिशेब करून केबल सोडली. त्याच वर्षाच्या मार्चांत चार मोठ्या कंपन्यांनीं आपल्या करमणुकीच्या वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या, २०२० सालीं परत आणल्या, २०२२ सालीं पुन्हां काढल्या. गंगेचें येणें-जाणें तरी निसर्गाच्या हातीं आहे. हें चालतें हिशेबनिसाच्या.

क्रिकेटच्या बाबतींत एक मौजेची स्थिति झाली. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने खासगी वाहिनीनें दूरदर्शनलाहि दिले पाहिजेत असा कायदा २००७ सालीं झाला. परंतु ते दूरदर्शननें स्वतःच्या प्रक्षेपकांवर आणि स्वतःच्या छत्रीवरच दाखवावे, केबलवर नव्हे, असें ऑगस्ट २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. परिणाम असा कीं दरमहा पैसे भरणाऱ्या पेठेंतील घरांत दूरदर्शन लावलें तर सामन्याऐवजीं भलतेंच कांहीं दिसे, आणि वाडीवरच्या फुकट छत्रींत सामना चालू असे.

करमणुकीची गोष्ट सोडली तरी २०२० सालीं या चित्राचें मोल निराळ्या रीतीनें कळलें. शाळा बंद पडल्या. सड्यावरच्या वाडींत मोबाइलला रेंज नाहीं, घरांत एकच फोन, तोहि वडिलांबरोबर मुंबईस. २० जुलैपासून ‘सह्याद्रि’वर पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिच्यासाठीं ना रेंज लागत होती ना रिचार्ज. सार्वजनिक लहर कशासाठीं ठेवावी, याचें याहून स्वच्छ उत्तर आम्हांला ठाऊक नाहीं.

आणि याच सुमारास जुने प्रक्षेपक मिटत होते. जमिनीवरून होणारें जुन्या धर्तीचें प्रक्षेपण प्रसारभारतीनें टप्प्याटप्प्यानें आवरतें घेतलें; २०२१ च्या अखेरीपर्यंत सरहद्दीवरचे वगैरे मोजके सोडून बहुतेक सर्व बंद झाले. नव्या अंकीय पद्धतीचे प्रक्षेपक २०१६ पासून मुंबई, औरंगाबाद अशा निवडक शहरांना मिळाले; कोंकणाला नाहींत. गुजरातेंतील पीज येथील प्रक्षेपक १९८५ सालीं हलविला, तेव्हां खेडा जिल्ह्यांतील लोकांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला होता, कारण तो त्यांच्या गांवांविषयीं, त्यांच्याच माणसांकडून कार्यक्रम करवून बोलत असे. आमच्या किनाऱ्यावरचे मिटले त्याची चर्चाहि झाली नाहीं. दिल्ली-मुंबईचें चित्र पुढें ढकलण्यापलीकडे त्यांना कांहीं काम दिलेंच नव्हतें. त्यांच्या तोंडून राजापूरचा एक शब्द कधीं निघाला नाहीं. लोकांना दोष देण्यांत अर्थ नाहीं.

एक फरक मात्र पावसाळ्यांत जाणवतो. काड्यांच्या सांगाड्यावर येणारी लहर पुष्कळ अधिक लांबीची, तिला पाऊस अडवीत नसे. छत्रीवर येणारी अडीच-तीन सेंटिमीटरांची. मोठ्या सरींत ती विरते आणि पडद्यावरील चित्राचे चौकोन चौकोन होऊन तें गोठतें. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलें, पुढील वर्षीं मे महिन्यांत ‘तौक्ते’ रत्नागिरीवरून सरकलें. अशा दिवशीं वीज नसते, तार तुटलेली असते, आणि वीज असली तरी छत्रीला आकाश दिसत नाहीं. अर्जुनेला पूर येऊं लागला कीं पेठेंतले लोक दुकानांतला माल माळ्यावर चढवूं लागतात, आणि सड्यावरच्या घरांत टीव्ही बंद करून मंडळी पाऊस उणावण्याची वाट पाहतात. तास-दीड तासानें चित्र पुन्हां येतें.