पाण्यासाठी एक प्रदेश, माणसांसाठी चौसष्ट

११ जानेवारी २००६ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या ‘टाइम्स-पिकायून’ या दैनिकाने शहराचा एक नकाशा छापला. कॅटरिना चक्रीवादळाला तेव्हा साडेचार महिने होत आले होते. २९ ऑगस्ट २००५ च्या त्या वादळात बांध फुटून शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला होता. पुनर्बांधणीसाठी महापौर रे नेगिन यांनी नेमलेल्या आयोगाने सुचवले होते, की सर्वांत सखल वस्त्यांपैकी काही भाग बागा आणि पाणी साठवायच्या मोकळ्या जागा म्हणून राखावेत, आणि अंतिम निर्णय होईपर्यंत त्या वस्त्यांत बांधकाम परवाने देऊ नयेत. नकाशावर हे भाग हिरव्या ठिपक्यांनी दाखवले होते. ज्यांची घरे त्या ठिपक्यांखाली आली, ती माणसे तेव्हा ह्यूस्टन, अटलांटा, बॅटन रूज अशा गावांत विखुरलेली होती. आपल्या घराची आता बाग होणार, हे त्यांना वर्तमानपत्रातून कळले. संताप इतका उसळला, की महापौरांनी परवाने रोखण्याची सूचना फेटाळून लावली आणि ज्याला जिथे बांधायचे तिथे बांधू दिले. या प्रसंगाचा अर्थ लावताना ‘भावनेने शास्त्राला हरवले’ असे सर्रास म्हटले जाते. मला तो अर्थ मान्य नाही. नकाशातले पाण्याचे गणित बरोबर होते. पण कुठे राहू नये एवढेच त्याने सांगितले. मग राहायचे कुठे, याचे उत्तर त्यात नव्हते. ते उत्तर केवळ शहराच्या हद्दीत मिळणारेही नव्हते. लुइझियाना राज्याने पाण्याचा विचार अखेर सबंध प्रदेश म्हणून केला, माणसांचा मात्र तसा कधीच केला नाही. तिथल्या पुनर्बांधणीचे अपयश मला इथे दिसते.

या जमिनीचा इतिहासच हद्दी न मानणारा आहे. फ्रेंचांनी १७१८ मध्ये शहर वसवले ते मिसिसिपीने शतकानुशतके गाळ टाकून उंच केलेल्या काठावर. काठामागची दलदल दोनशे वर्षे बहुतांशी रिकामीच राहिली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बाल्डविन वुड या अभियंत्याच्या प्रचंड पंपांनी ती उपसून कोरडी केली आणि तिथे नवी उपनगरे उभी राहिली. पण ओलावा गेला की दलदलीतली माती आक्रसते, खचते. आज शहराचा जवळपास निम्मा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, तो बराचसा या उपशामुळे. दुसरीकडे, १९२७ च्या महापुरानंतर केंद्र सरकारने नदी दोन्ही बाजूंनी पक्क्या बांधांत जखडली. पूर थांबले, तसा त्रिभुज प्रदेशाला मिळणारा गाळही थांबला. तेल कंपन्यांनी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले. १९३२ पासून लुइझियानाच्या किनाऱ्याची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन समुद्रात गेली आहे, म्हणजे अख्ख्या गोव्यापेक्षा जास्त. वादळाची लाट शहरापर्यंत पोचण्याआधी तिचा जोर मोडणारे पाणथळ पट्टेच त्यात नाहीसे झाले. जहाजांसाठी १९६० च्या दशकात खोदलेल्या ‘मिस्टर गो’ या कालव्याने तर उरलासुरला आडोसाही कापला.

कॅटरिनानंतर हा धडा घेतला गेला, हे मान्यच केले पाहिजे. बांधांची देखभाल तोवर राजकीय नेमणुकांनी भरलेल्या, आपापल्या हद्दीपुरते पाहणाऱ्या मंडळांकडे होती. २००६ मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून त्यांच्या जागी नदीच्या पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक अशी दोन प्रादेशिक प्राधिकरणे आणली. २००७ मध्ये किनाऱ्याचा पहिला एकत्रित बृहद्आराखडा आला. ‘मिस्टर गो’ २००९ मध्ये दगडी बांध घालून बंद झाला आणि लेक बोर्नच्या बाजूने जवळपास तीन किलोमीटर लांबीची भिंत उभी राहिली. या साऱ्या संरक्षणव्यवस्थेवर साडेचौदा अब्ज डॉलर खर्च झाले. २९ ऑगस्ट २०२१ रोजी, कॅटरिनानंतर बरोबर सोळा वर्षांनी, आयडा वादळ आले तेव्हा ही व्यवस्था टिकली. पूर आला तो तिच्या बाहेर, लाप्लाससारख्या गावांत. प्रदेशाची रेघ जिथे संपवली, तिथेच पाणी शिरले.

आता माणसांकडे पाहू. लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात आणि अशा चौसष्ट पॅरिश आहेत. कुठल्या जमिनीवर काय बांधायचे, हे ठरवायचा अधिकार स्थानिक संस्थांचा. १ सप्टेंबर २००५ रोजी नदीवरच्या पुलावरून पायी निघालेल्या पूरग्रस्तांना पलीकडच्या ग्रेटना गावच्या पोलिसांनी अडवले, तेव्हाच या हद्दींचा अर्थ कळायला हवा होता. वर्षभराने शेजारच्या सेंट बर्नार्ड पॅरिशने ठराव केला, की घरमालकाने रक्ताच्या नातेवाइकाखेरीज कुणालाही विनापरवानगी घर भाड्याने देऊ नये. तिथले बहुतेक घरमालक गोरे होते, त्यामुळे दार कुणासाठी बंद झाले हे उघड होते. ठराव न्यायालयात टिकला नाही. मग त्याच पॅरिशने अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींवर बंदी घातली आणि तीही केंद्रीय न्यायालयाने भेदभावाची ठरवली. मे २००७ मध्ये ‘लुइझियाना स्पीक्स’ नावाचा दक्षिण लुइझियानाचा प्रादेशिक आराखडा तयार झाला. उंच जमिनीवर दाट वस्ती, जुन्या गावांच्या आधाराने वाढ, न्यू ऑर्लिन्स ते बॅटन रूज रेल्वे, असे पुष्कळ शहाणपण त्यात होते. हजारो नागरिकांनी त्यासाठी मते नोंदवली होती. पण परवाने देणारे हात वेगळेच असल्यामुळे तो सल्ल्यापुरताच उरला.

पैशाचेही तेच झाले. लुइझियानाचे रिपब्लिकन खासदार रिचर्ड बेकर यांनी एक सरकारी महामंडळ सुचवले होते. बुडालेली घरे त्याने विकत घ्यायची, मालकाला वादळापूर्वीच्या त्याच्या हिश्श्याच्या किमान ६० टक्के रक्कम द्यायची, जमीन एकत्र करून नव्याने आखायची. हिरव्या ठिपक्यांना अर्थ देऊ शकेल अशी संस्था ती एवढीच. जानेवारी २००६ मध्येच व्हाइट हाउसने तिला नकार दिला. नकाशा आला त्याच महिन्यात त्याच्यामागचा पैसा गेला. पुढे आलेल्या ‘रोड होम’ योजनेने अनुदान ठरवताना वादळापूर्वीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांतला कमी आकडा धरला. कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या घराची बाजारभावाने किंमत कमी, दुरुस्तीचा खर्च मात्र गोऱ्या वस्तीइतकाच. त्यामुळे मदतही कमी. पिढ्यान्‌पिढ्या वारसनोंद न झालेल्या घरांचे मालक तर कागदाअभावी अडकून पडले. खटला झाला आणि २०११ मध्ये तडजोड होऊन काही भरपाई मिळाली, पण तोवर सहा वर्षे गेली होती. भाडेकरू, म्हणजे शहरातली निम्म्याहून अधिक कुटुंबे, घरमालकांसाठीच्या या योजनेत मोजलीच गेली नाहीत. उलट डिसेंबर २००७ मध्ये नगर परिषदेने सार्वजनिक घरांच्या चार मोठ्या वसाहती पाडायला मंजुरी दिली. त्यांत सुमारे साडेचार हजार घरे होती.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की समुद्रसपाटीखाली शहर वसवणेच मूर्खपणाचे. ते पुन्हा बांधायचेच कशाला? पण शहराचा निम्मा भाग उंचावर आहे आणि तो कधीकाळी भरलेला होता. भूगोलतज्ज्ञ रिचर्ड कॅम्पनेला यांच्या गणनेनुसार १९६० मध्ये समुद्रसपाटीहून उंच भागात तीन लाखांहून अधिक माणसे राहत होती, २००० मध्ये उरली ती १ लाख ८५ हजार. म्हणजे जागा नव्हती असे नाही. तिच्यावर परवडणारी घरे बांधायची इच्छा नव्हती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकांना आपल्याच अंगणात परतायचे होते, मग नियोजनकारांनी त्यांना हलवणे ही जबरदस्तीच नव्हे का? परतण्याचा हक्क मी निर्विवाद मानतो. ब्रॉडमूर या ठिपक्याखालच्या वस्तीने स्वतः आराखडा आखून, स्वतःच्या बळावर पुन्हा उभे राहून दाखवले, याचा मला आदर आहे. पण सुरक्षित जागी तेवढेच घर, शेजारीपाजारी सोबत आणि आधी हातात किल्ली, असा पर्याय कुणापुढेच ठेवला गेला नव्हता. पर्यायच नसताना केलेल्या निवडीला लोकेच्छा म्हणणे मला पटत नाही. वेळ नव्हता, हेही खरे नाही. ‘रोड होम’च्या कागदपत्रांत जितकी वर्षे गेली, तितक्यात उंच जमिनीवर वसाहती उभ्या राहिल्या असत्या.

आधी जागा, मग स्थलांतर हा क्रम अशक्य नव्हता, याचा एक अपुरा का होईना पुरावा दक्षिणेच्या टोकाला आहे. आयल द जाँ शार्ल या आदिवासी वस्तीच्या बेटाची जवळजवळ सगळी जमीन १९५५ पासून समुद्राने गिळली. २०१६ मध्ये केंद्राने ४ कोटी ८३ लाख डॉलर मंजूर केले, सुमारे ६० किलोमीटर आत नवी वसाहत झाली आणि २०२२ मध्ये पहिली कुटुंबे तिथे राहायला गेली. काम रेंगाळले आणि निर्णयात आम्हांला डावलले अशी जमातीची तक्रारही आहे. ती गांभीर्यानेच घ्यायला हवी. तरीही तिथे घर आधी बांधले गेले.

आणि माणसांचा हिशेब अर्धवट राहिला की पाण्याचेही काम अडते. मिसिसिपीचा गाळ पुन्हा दलदलीत सोडून जमीन घडवणारा मिड-बॅरटारिया प्रकल्प हा या किनाऱ्याच्या आराखड्याचा कणा होता. गोड्या पाण्याने शिंपले-कालवे आणि कोळंबी संपतील, या भीतीने प्लाकमिन्स पॅरिशचे मच्छीमार पहिल्यापासून विरोधात होते. भरपाईची तरतूद होती, पण त्यांना धंद्याची हमी हवी होती. ऑगस्ट २०२३ मध्ये काम सुरू झाले. मच्छीमारांचा विरोध आणि तीन अब्ज डॉलरपर्यंत गेलेला खर्च ही कारणे देत, पन्नास कोटींहून अधिक डॉलर खर्च झाल्यावर, जुलै २०२५ मध्ये राज्याने तो रद्द केला.