हविलादची कुळकथा

मिनियापोलिसमध्ये टॅक्सी चालवणारा सोमाली माणूस आईला पैसे धाडतो ते ‘हविलाद’मधून, म्हणजे सोमाली हवाल्यातून. आपल्याकडे हवाला म्हटलं की काळा पैसा आठवतो. सोमालियात मात्र त्यावर चूल पेटते.

1973 नंतर तेलाचे भाव भडकले आणि हजारो सोमाली आखातात मजुरीला गेले. सियाद बर्रेच्या राजवटीत सरकारी दराने पैसे बदलणं म्हणजे तोटाच. म्हणून मजूर आपले रियाल व्यापाऱ्याच्या हाती ठेवी. व्यापारी त्यातून माल घेऊन मायदेशी विके आणि आलेल्या शिलिंगांतून मजुराचं घर भागवी. याला ‘फ्रँको व्हालुटा’ म्हणत. काही काळ सरकारचीही त्याला मुभा होती.

1988 साली सरकारनेच आपल्या हर्गेसा आणि बुराओ शहरांवर बाँब टाकले. लोक इथिओपियाच्या छावण्यांत पळाले. बुराओत 1970 पासून पेढी चालवणारे मोहम्मद सईद दुआले यांनाही देश सोडावा लागला. त्यांची ‘दहाबशील’ पुढे जगभर पसरली. 1991 मध्ये सरकार कोसळलं, बँका बुडाल्या, टपाल थांबलं. मग व्यापाऱ्यांचे रेडिओ संच कामाला आले. लंडनमध्ये पौंड भरले की रेडिओवरून निरोप जाई आणि गावातला अडत्या रोख डॉलर मोजी. दोघांचा आपसातला हिशेब पुढे, बहुधा दुबईच्या मालात, मिटे.

पैसे घेणाऱ्याकडे कागद कुठला? अडत्या त्याला कूळ विचारी: बाप कोण, आजा कोण, त्याच्याही वरचा कोण. पिढ्यान् पिढ्यांची नावं सोमाली मुलं लहानपणीच पाठ करतात. अडत्याने पैसे बुडवले, तर भावकीत त्याला तोंड दाखवायला जागा उरत नसे. या जरबेपुढे बँकेची कागदपत्रं मला फिकी वाटतात.

7 नोव्हेंबर 2001 रोजी अमेरिकेने ‘अल-बरकात’ ही सर्वांत मोठी पेढी दहशतवादाच्या संशयावरून गोठवली. तो संशय पुढे सिद्ध झाला नाही. 2013 मध्ये ब्रिटनच्या बार्कलेज बँकेने अशा पेढ्यांची खाती बंद करायचं ठरवलं, तेव्हा धावपटू मो फरा यांनीही विरोध केला.

या व्यवहारांवर नजर जरूर ठेवावी, चोर सापडला तर पकडावा. पण दुष्काळात घरात धान्य आणणारा हा रस्ता कोणत्याही सरकारने बंद करू नये.