फळ्यांआडची इतवारी

पुण्याची रविवार पेठ, तशी नागपूरची इतवारी. बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही तिची भावंडे. आत शिरले की वारांची नावे मागे पडतात आणि मालाची नावे सुरू होतात: सराफा ओळी, किराणा ओळी, लोहा ओळी, जवळच मस्कासाथ. यातला ‘ओळी’ हा शब्द पत्त्यापुरता नाही. जुन्या बाजाराच्या बांधणीचे सारे सूत्र त्यात आहे.

ओळीतले दुकान एकटे उभे नसते. त्याच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत असते. म्हणून दर्शनी रुंदी थोडी आणि लांबी आतवर गेलेली. पुढे ओटा, त्यामागे गादी, मग मालाची कोठी आणि वर माळा किंवा घर. शटर येण्यापूर्वी दुकान लाकडी फळ्यांनी बंद होई. उंबऱ्याच्या खाचेत एकेक फळी सरकवायची. क्रम चुकू नये म्हणून फळ्यांवर आकडे घातलेले असत. दिवसा फळ्या निघाल्या की भिंतच नाहीशी होई, आणि ओट्यावर टेकलेले गिऱ्हाईक अर्धे रस्त्यात, अर्धे दुकानात असे. गादीची उंचीही हिशेबाची होती. बसलेल्या सावकाराची नजर ताजव्यावर, तिजोरीवर आणि रस्त्यावर एकाच वेळी राहावी, अशी ती बेतलेली असे.

1867 मध्ये नागपूरला रेल्वे आली, 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस आणि कापडाच्या व्यापाराने शहर बदलले. पुढच्या शतकातला एक बदल मात्र दुकानाच्या आतच घडला. 1957 च्या एप्रिलपासून दशमान नाणी आली आणि चोपडीतले आणे-पै हळूहळू गेले. 1958 पासून मेट्रिक मापे लागू होऊ लागली आणि शेर-छटाक अडगळीत पडले. एखाद्या कोठीत ती वजने आणि ती चोपडी एकत्र सापडली, तर ते त्या काळाचे दफ्तरच होय.

नागपूरला संग्रहालय नवे नाही. अजब बंगला 1863 चा. मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. पण दुकानाचे काय? अमेरिकेतील अलेक्झांड्रियात 1792 साली निघालेले एक औषधाचे दुकान 1933 मध्ये बंद पडले आणि 1939 मध्ये संग्रहालय म्हणून उघडले. बाटल्या, खण, फडताळे जागच्या जागी ठेवली गेली, यातच त्याचे मोल आहे. तोच ताजवा काचेच्या पेटीत गेला तर ती एक वस्तू उरते. गादीसमोर टांगलेला असेल तर देणारा आणि घेणारा यांच्यातला विश्वासही दिसतो.

इतवारीत अडचण वेगळी आहे. भिंती सामाईक असल्याने एक दुकान पाडले की शेजारचे उघडे पडते. भावांच्या वाटण्या, वाढलेली किंमत, मालमोटारींची अडचण ही कारणे खरी आहेत आणि मालकाला दोष देता येत नाही. म्हणून आग्रह एवढाच, की पाडण्यापूर्वी मोजमाप, नकाशा आणि छायाचित्रे व्हावीत, आणि निदान एक दुकान फळ्या, गादी, चोपड्यांसह शहराने विकत घेऊन राखावे.

यंदाही लक्ष्मीपूजनाला इतवारीत नव्या चोपडीवर ‘शुभ-लाभ’ लिहिले जाईल. जुनी चोपडी कुठे जाते, हेही त्याच रात्री विचारायला हवे.