किर्लोस्कर मंडळींची माणसे

संगीत नाटकाचा इतिहास आपण पुण्यापासून सांगतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतल’ तेथे रंगभूमीवर आले, हे खरेच. परंतु ती मंडळी उभी करणारी माणसे कोठली होती? अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. कानडी मुलखात जन्मलेले आणि सरकारी नोकरी सांभाळून नाटक करणारे. गोविंद बल्लाळ देवल हे बेळगावच्या शाळेतील त्यांचे विद्यार्थी. शकुंतला आणि सुभद्रा या भूमिका गाजविणारे भाऊराव कोल्हटकर बडोद्याचे.

१८८५ साली अण्णासाहेब वारले, तेव्हा मंडळी अवघी पाच वर्षांची होती. एकट्याच्या प्रतिभेवर उभी असती, तर ती तेथेच मोडली असती. भाऊरावांचा गळा व देवलांची लेखणी यांनी तिला सावरले. देवलांची ‘शारदा’ १८९९ मध्ये प्रथम रंगभूमीवर आली, तीही इंदुरास.

आमच्या गावांना मराठी रंगभूमीचे केवळ आश्रयदाते मानण्याची रीत आहे. ती अपुरी आहे. आम्ही नाटक पाहिले, तसे घडविलेही. हे आमच्या घरांतील मुलांना आम्हीच सांगितले पाहिजे.